इव्हेंट लॉग उघडत नाही? अ‍ॅडमिन हक्क वाटण्याआधी हे तपासा

विंडोजवर 'इव्हेंट लॉग', म्हणजे मशीनवर काय-काय घडलं याची नोंदवही, दिसत नाही अशी तक्रार आली की बहुतेक ऑफिसांत एकच इलाज होतो: त्या खात्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स गटात टाकायचं आणि मोकळं व्हायचं. तिकीट पाच मिनिटांत बंद. पण ज्याला फक्त लॉग वाचायचा होता, तो आता लॉग पुसू शकतो, नवी खाती उघडू शकतो, अँटिव्हायरस थांबवू शकतो. अंधेरीतलं दहा माणसांचं सीए ऑफिस असो की लोअर परळचा ब्रोकर, सिस्टिम ऑडिटला बसलेला माणूस आधी अ‍ॅडमिन गटाचीच यादी मागतो.

खरं तर लॉग वाचण्याचा हक्क विंडोजमध्ये वेगळा ठेवलेला आहे, तोही व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ पासून. तो द्यायला दोन मिनिटं लागतात. वेळ खातो तो नकार नेमका कुठून आला याचा शोध. खात्याला हक्क नाही, हक्क आहे पण लागू झालेला नाही, वाटेत फायरवॉल आहे, किंवा नोंदच झालेली नाही, या चारही गोष्टी पडद्यावर जवळपास सारख्या दिसतात. म्हणून खाली दिलेला क्रम शक्यतो मोडू नका. कमांड आपण फोनवर जशा सांगतो तशाच लिहिल्या आहेत.

एररचे शब्द जसेच्या तसे मागवा

'उघडत नाही' एवढ्यावर काम सुरू करू नका. स्क्रीनशॉट मागवा आणि चार गोष्टी विचारा: कुठलं खातं, कुठल्या मशीनसमोर बसलात, कुठल्या मशीनचा लॉग हवा आहे आणि कुठला लॉग. अ‍ॅप्लिकेशन, सिस्टिम आणि सिक्युरिटी या तिघांचे नियम वेगवेगळे आहेत, त्यामुळे शेवटचा प्रश्न सोडू नका. फोनवरचं संभाषण साधारण असं होतं:

"मॅडम, सिक्युरिटी लॉग रिकामा आहे."

"रिकामा आहे की उघडत नाही?"

"एरर अशी नाही आली. कुठलीही नोंद सापडली नाही, एवढंच म्हणतंय."

इथेच अनेकजण फसतात. पॉवरशेलमध्ये (विंडोजची कमांड लिहायची खिडकी) गेट-विनइव्हेंट ही कमांड फिल्टर-हॅशटेबल, म्हणजे शोधाच्या अटी, लावून सिक्युरिटी लॉगवर चालवली आणि खात्याला वाचायचा हक्क नसला, तर 'नो इव्हेंट्स वेअर फाउंड' असं साळसूद उत्तर येतं. म्हणजे हक्क नाही म्हणून दिसत नाही आणि खरोखरच काही नाही, या दोन्हींना एकच वाक्य. फिल्टर काढून नुसतं लॉगचं नाव देऊन तीच कमांड पुन्हा चालवा. हक्काची भानगड असेल तर आता 'अनऑथराइज्ड ऑपरेशन' हे शब्द दिसतील. हेल्पडेस्कच्या स्क्रिप्टमधून 'आज एकही फेल्ड लॉगिन नाही' असा रिपोर्ट रोज जात असेल, तर तो कुठल्या खात्यावर चालतो हे आजच बघा.

इव्हेंट व्ह्यूअर या लॉग दाखवणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रामच्या खिडकीत 'अ‍ॅक्सेस इज डिनाइड' आणि शेजारी ५ हा आकडा आला तर बातमी बरी आहे. तुम्ही त्या मशीनपर्यंत पोचलात आणि तिथे तुम्हाला अडवलं. '१७२२' किंवा 'आरपीसी सर्व्हर इज अनअव्हेलेबल' आलं तर तुम्ही पोचलाच नाहीत, तेव्हा हक्कांशी खेळून उपयोग नाही, थेट नेटवर्कच्या भागाकडे जा. आणि 'डिस्क्रिप्शन कॅनॉट बी फाउंड' आलं तर लॉग वाचायला मिळालाच आहे. ज्या सॉफ्टवेअरने नोंद केली त्याची मजकूर-फाइल या मशीनवर नाही, इतकंच.

कस्टम व्ह्यूमध्ये अनेक लॉग एकत्र केलेले असले आणि त्यातला एक बंद असला, तर बाकीचे दिसतात आणि 'क्वेरी एरर'ची एक छोटी खिडकी येते. लोक ती सवयीने बंद करतात. ती वाचा. कुठला लॉग नाकारला, ते त्यातच असतं.

समोर बसून वाचता येतं, दुरून नाही

ही तक्रार विचित्र वाटते. साधा यूझर मशीनसमोर बसून सिस्टिम लॉग आरामात वाचतो, पण तोच यूझर आपल्या जागेवरून त्याच मशीनचा तोच लॉग उघडायला गेला की नकार.

प्रत्येक लॉगवर कोणाला काय करता येईल याची एक यादी असते. अ‍ॅप्लिकेशन आणि सिस्टिमच्या मूळ यादीत 'इंटरॅक्टिव्ह', म्हणजे समोर बसून लॉगिन केलेल्या माणसाला वाचायची मुभा आहे. नेटवर्कवरून येताना तुमच्या खात्यावर इंटरॅक्टिव्हचा शिक्का नसतो, नेटवर्कचा असतो, आणि तो यादीत नाही. सिक्युरिटी लॉगची यादी त्याहून आखूड: सिस्टिम, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स आणि 'इव्हेंट लॉग रीडर्स' हा गट. तिथे समोर बसलात तरी साध्या यूझरला काही दिसत नाही.

अ‍ॅडमिन असूनही सिक्युरिटी लॉग उघडत नाही, अशीही तक्रार येते. यूएसी (मोठ्या कामाआधी परवानगी विचारणारी विंडोजची सोय) चालू असताना अ‍ॅडमिन खातं रोजच्या वापरात छाटलेल्या हक्कांवरच चालतं. इव्हेंट व्ह्यूअर किंवा पॉवरशेल 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडा. डोमेन (सगळी खाती एका सर्व्हरवरून चालवायची मांडणी) नसलेल्या छोट्या ऑफिसात याचाच दुसरा अवतार भेटतो. लोकल अ‍ॅडमिन खात्याने दुसऱ्या मशीनला नेटवर्कवरून जोडलं की तिथेही हक्क छाटूनच मिळतात, आणि त्यासाठी 'रन अ‍ॅज' कामाला येत नाही. यावर रजिस्ट्रीत छाटणी बंद करायचा सल्ला सर्रास दिला जातो. मी तो देणार नाही. पुढचा गट वापरला की त्याची गरज उरत नाही.

इव्हेंट लॉग रीडर्स: बहुतेकांचं काम इथेच होतं

ज्या मशीनचा लॉग वाचायचा आहे, त्या मशीनवर जा. तुमच्या मशीनवर नव्हे. ही चूक इतकी होते की वेगळं सांगावं लागतं. कॉम्प्युटर मॅनेजमेंट उघडा, लोकल यूझर्स अँड ग्रुप्समध्ये ग्रुप्स, त्यात इव्हेंट लॉग रीडर्स. त्यात यूझर जोडा. डोमेन असेल तर एकेक यूझर न जोडता डोमेनमध्ये 'लॉग वाचक' असा एक गट करून तो इथे जोडा. माणसं येतात-जातात, गट राहतो.

विंडोज होम आवृत्तीत ही खिडकी नसते, गट मात्र असतो. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टवर नेट, स्पेस, लोकलग्रुप, मग अवतरणचिन्हांत गटाचं नाव, मग यूझरचं नाव आणि शेवटी स्लॅश अ‍ॅड. विंडोज दुसऱ्या भाषेत बसवलेलं असेल तर गटाचं नाव बदलतं, पण त्याचा एसआयडी (विंडोजचा ओळख क्रमांक) सगळीकडे एकच: एस-१-५-३२-५७३. स्क्रिप्ट लिहिताना नावाऐवजी तोच वापरा.

डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे डोमेन चालवणाऱ्या सर्व्हरवर, लोकल गट नसतात. तिथे अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या (डोमेनच्या खात्यांच्या सूचीच्या) बिल्टइन कंटेनरमध्ये याच नावाचा गट आहे, आणि त्यात टाकलेला माणूस त्या डोमेनच्या सगळ्याच कंट्रोलरचे लॉग वाचू शकतो. एकाच कंट्रोलरपुरतं देता येत नाही. हे ठरवूनच द्या.

आता सगळ्यात जास्त फोन ज्यामुळे येतात ती गोष्ट. गटात टाकलं, तरी नकार कायम. गटांची यादी लॉगिनच्या क्षणी बनते आणि लॉगआउट होईपर्यंत तीच चालते. सेकंड क्लासचा पास खिशात असताना खिडकीवर फर्स्ट क्लासचे पैसे भरले, पण नवा पास घेतलाच नाही, तर टीसी जुनाच पास बघणार. स्क्रीन लॉक करून पुन्हा उघडणं म्हणजे लॉगआउट नव्हे. लॅपटॉप मिटून बॅगेत टाकायचा, विरार फास्ट पकडायची आणि सकाळी पुन्हा उघडायचा, असा ज्यांचा दिनक्रम आहे त्यांचं एकच लॉगिन आठवडाभर चालतं. साइन आउट करायला लावा. रिमोट डेस्कटॉपची खिडकी नुसती बंद करणाऱ्यांचंही तसंच. सर्व्हिस त्या खात्यावर चालत असेल तर ती सर्व्हिस रीस्टार्ट करा.

खात्री करायला त्या यूझरच्या साध्या कमांड प्रॉम्प्टवर हूअ‍ॅमआय, स्पेस, स्लॅश ग्रुप्स. यादीत ५७३ वर संपणारा एसआयडी दिसला तर हक्क लागू झाला. मात्र ही यादी त्याच मशीनपुरती. लॉग दुसऱ्या मशीनवर असेल आणि गट तिथला लोकल असेल तर तो इथे दिसणार नाही. डोमेनचा 'लॉग वाचक' गट मात्र दिसायलाच हवा.

'काल चालत होतं, आज नाही' असं कोणी म्हणालं तर ग्रुप पॉलिसीवर, म्हणजे डोमेनमधून सगळ्या मशीन्सवर लादल्या जाणाऱ्या सेटिंग्जवर, संशय घ्या. 'रिस्ट्रिक्टेड ग्रुप्स' वापरून कोणी गटाचे सभासद पॉलिसीत पक्के करून ठेवले असतील, तर तुम्ही हाताने जोडलेलं नाव ती पुसून टाकते. पॉलिसी साधारण ९० मिनिटांनी ताजी होते, त्यात ३० मिनिटांपर्यंतचा फरक धरा, आणि सुरक्षेच्या सेटिंग्ज काही बदललं नसलं तरी १६ तासांनी पुन्हा लादल्या जातात. संध्याकाळी दिलेला अ‍ॅक्सेस सकाळी गायब व्हायचं कारण बहुधा हेच. नाव पॉलिसीतच जोडून घ्या, रोज हाताने टाकत बसू नका.

एक वाट टाळा. यूझर राइट्समध्ये 'मॅनेज ऑडिटिंग अँड सिक्युरिटी लॉग' असा हक्क आहे. नाव बघून तो देण्याचा मोह होतो, पण त्याने सिक्युरिटी लॉग पुसताही येतो. वाचणाऱ्याला तो देऊ नका.

१७२२: वाटेतच अडकलं

इव्हेंट व्ह्यूअर दुसऱ्या मशीनशी आरपीसी या विंडोजच्या मशीन-ते-मशीन पद्धतीने बोलतो. आधी पोर्ट १३५ वर जातो, तिथून त्याला दुसरा कुठलातरी पोर्ट मिळतो, तो ४९१५२ ते ६५५३५ या पट्ट्यातला. मुख्य ऑफिस फोर्टला, शाखा नाशिकला, मध्ये व्हीपीएन, अशा मांडणीत नेटवर्कवाले '१३५ उघडलाय' असं सांगतात आणि ते खरंही असतं. पॉवरशेलचं टेस्ट-नेटकनेक्शन १३५ वर यशस्वी होतं. इव्हेंट व्ह्यूअर मात्र बराच वेळ विचार करत बसतो आणि मग १७२२ देतो. वरचा पट्टा बंद असल्याची ही खूण.

ज्या मशीनचा लॉग हवा त्याच्या विंडोज फायरवॉलमध्ये 'रिमोट इव्हेंट लॉग मॅनेजमेंट' नावाचे तीन तयार नियम आहेत. नवे नियम लिहू नका, हेच चालू करा, आणि स्कोपमध्ये फक्त हेल्पडेस्कच्या मशीन्सचे आयपी ठेवा. डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक यातल्या कुठल्या प्रोफाइलला नियम लागला तेही बघा. नेटवर्क पब्लिक म्हणून ओळखलं गेलेलं असतं आणि नियम डोमेनला लावलेला असतो, असं बऱ्याचदा निघतं.

जोडताना आयपीऐवजी मशीनचं नाव वापरा. आयपी दिला की साधारणपणे केर्बरॉस (ओळख पटवायची डोमेनची पद्धत) सुटतं आणि एनटीएलएम (त्याआधीची जुनी पद्धत) येतं, आणि कडक केलेल्या डोमेनमध्ये ते बंद असू शकतं. डोमेन नसेल तर 'कनेक्ट टू अनदर कॉम्प्युटर'च्या खिडकीत 'कनेक्ट अ‍ॅज अनदर यूझर' निवडून समोरच्या मशीनवरचं खातं द्या. त्या खात्याला 'अ‍ॅक्सेस धिस कॉम्प्युटर फ्रॉम द नेटवर्क' हा हक्कही लागतो.

जुन्या स्क्रिप्टमधलं गेट-इव्हेंटलॉग अडकत असेल तर त्याच्या मागे लागू नका. पॉवरशेल ६ पासून ती कमांडच काढून टाकली आहे. स्क्रिप्ट गेट-विनइव्हेंटवर आणा.

एकच लॉग अडतोय

बाकी सगळं दिसतं, पण एखाद्या सॉफ्टवेअरचा स्वतःचा लॉग उघडत नाही, तर त्या लॉगची परवानगी-यादी वेगळी लिहिलेली आहे. अ‍ॅडमिन प्रॉम्प्टवर डब्ल्यू-ई-व्ही-टी-यूटिल, स्पेस, जी-एल, स्पेस, लॉगचं पूर्ण नाव. उत्तरात 'चॅनल अ‍ॅक्सेस' नावाची एक लांबलचक ओळ येते. त्यात ५७३ आहे का ते शोधा.

नसेल तर आधी ती ओळ नोटपॅडमध्ये जपून ठेवा. ही पायरी सोडली आणि काही बिघडलं तर परतीची वाट शोधत बसाल. मग त्याच ओळीच्या शेवटी एक कंस जोडायचा: इंग्रजी ए, दोन अर्धविराम, शून्य-एक्स-एक, तीन अर्धविराम, मग गटाचा एसआयडी. यातला एक म्हणजे वाचणे. दोन म्हणजे लिहिणे, चार म्हणजे पुसणे. काही ठिकाणी सात हा आकडा दिसेल, तो तिन्हींची बेरीज. वाचणाऱ्याला एकच द्या. आता पूर्ण ओळ, म्हणजे जुनी अधिक नवा कंस, एस-एल आणि स्लॅश सी-ए कोलन वापरून परत लिहा. नुसता नवा कंस लिहिलात तर जुनी यादी जाऊन तेवढाच उरतो.

मूळच्या चार लॉगना हेच ग्रुप पॉलिसीतून देता येतं. अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, इव्हेंट लॉग सर्व्हिस या वाटेने गेलात की प्रत्येक लॉगखाली 'कॉन्फिगर लॉग अ‍ॅक्सेस' आहे आणि त्याचीच 'लेगसी' जोडही. दोन्हींत तीच ओळ भरा, नाहीतर जुनी टूल्स वेगळं वागतात.

सॉफ्टवेअर स्वतःच रडतंय

मुंबईत लहान डेव्हलपरकडून बनवून घेतलेली बिलिंगची, स्टॉकची सॉफ्टवेअर ढिगाने आहेत. साध्या यूझरवर ती चालू होताना कोसळतात आणि 'इनअ‍ॅक्सेसिबल लॉग्ज: सिक्युरिटी' असं म्हणतात. डेव्हलपर सांगतो, अ‍ॅडमिन म्हणून चालवा.

या सॉफ्टवेअरला सिक्युरिटी लॉग वाचायचाच नसतो. त्याला स्वतःच्या नावाने नोंद करायची असते. त्यासाठी ते 'या नावाचा सोर्स (नोंद करणाऱ्याचं लॉगमध्ये नोंदवलेलं नाव) आहे का' असं डॉटनेटला, म्हणजे ते ज्यावर चालतं त्या मायक्रोसॉफ्टच्या पायाला, विचारतं. सोर्स नोंदवलेला नसला की डॉटनेट तो सगळ्या लॉगमध्ये शोधत सुटतं आणि सिक्युरिटीपाशी ठेचकाळतं. तेव्हा सोर्स एकदाच, अ‍ॅडमिन पॉवरशेलमधून न्यू-इव्हेंटलॉग वापरून नोंदवा. ही कमांड विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये आहे. त्यानंतर साधा यूझर सॉफ्टवेअर विनातक्रार चालवतो. डेव्हलपरला सांगा, हे काम इन्स्टॉलरने करायचं असतं.

हक्क आहे, पण नोंद नाही

आता खरोखर रिकाम्या लॉगकडे. ऑडिट पॉलिसीत, म्हणजे काय-काय नोंदवायचं या सेटिंग्जमध्ये, हवी ती गोष्ट चालूच नसेल तर नोंद होत नाही. किंवा झाली होती आणि वाहून गेली. साध्या विंडोज मशीनवर सिक्युरिटी लॉगची मूळ मर्यादा सुमारे २० एमबी आहे. भरला की जुन्यावर नवं लिहिलं जातं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस भारतात जपायचे आहेत. २० एमबीत ते बसत नाहीत, त्यामुळे आकार वाढवणं आणि दुसरीकडे साठवणं, दोन्ही आलंच. कोणी लॉग पुसला असेल तर सिक्युरिटीमध्ये ११०२ आणि इतर लॉगसाठी सिस्टिममध्ये १०४ ही नोंद राहते.

वेळेचाही घोळ असतो. नोंदी यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठतात, इव्हेंट व्ह्यूअर त्या आपल्या वेळेत दाखवतो. पण एक्सएमएल फिल्टर हाताने लिहिलात तर त्यात यूटीसी द्यावी लागते. सकाळी सव्वानऊला बाजार उघडतानाची नोंद तिथे ०३:४५ ला आहे. आणि आपला दिवस रात्री बाराला सुरू होतो, तो तिथे आदल्या तारखेच्या १८:३० ला. तारीख तीच ठेवून शून्य वाजल्यापासून शोधलंत तर मध्यरात्र ते पहाटे साडेपाचच्या नोंदी सुटतात, आणि नाइट बॅकअप नेमका त्याच वेळेत पडतो.

अ‍ॅक्सेस न देताही भागतं

सिक्युरिटी लॉग वाचायला देणं अगदीच निरुपद्रवी नाही. घाईत कोणी यूझरनेमच्या जागी पासवर्ड टाइप केला की तो फसलेल्या लॉगिनच्या ४६२५ या नोंदीत खात्याचं नाव म्हणून उघडा पडतो. कमांडलाइन नोंदवणं चालू असेल तर ४६८८ मध्ये स्क्रिप्टमधले पासवर्डही सापडतात. म्हणून एकदाच, एका तक्रारीपुरतं बघायचं असेल तर हक्क देऊ नका. अ‍ॅडमिनने हवी ती वेळ फिल्टर करून 'सेव्ह फिल्टर्ड लॉग फाइल अ‍ॅज' करावं आणि ईव्हीटीएक्स फाइल पाठवावी. ती उघडायला फाइल वाचता आली की पुरे. सेव्ह करताना भाषेची माहिती सोबत ठेवायची का असं विचारतात, तिथे हो म्हणा आणि तयार होणारं लोकेल-मेटाडेटा फोल्डरही पाठवा. नाहीतर समोरच्याला 'डिस्क्रिप्शन कॅनॉट बी फाउंड' दिसेल.

रोजचं काम असेल आणि मशीन्स बऱ्याच असतील तर इव्हेंट फॉरवर्डिंग लावा. सगळ्या मशीन्स आपल्या नोंदी एका कलेक्टरकडे पाठवतात, पोर्ट ५९८५ वर, आणि हेल्पडेस्क फक्त कलेक्टरवरचा फॉरवर्डेड इव्हेंट्स लॉग वाचतो. बाकी मशीन्सवर त्यांना काहीच द्यावं लागत नाही. सिक्युरिटी लॉग येत नसेल तर पाठवणाऱ्या मशीनवर 'नेटवर्क सर्व्हिस' या खात्याला इव्हेंट लॉग रीडर्समध्ये टाका आणि मशीन रीस्टार्ट करा. रीस्टार्ट विसरला जातो आणि मग तासभर सबस्क्रिप्शन तपासत बसावं लागतं.

ज्यांना हक्क दिलेत त्यांची यादी बदलीच्या किंवा नोकरी सोडण्याच्या चेकलिस्टमध्ये घाला. गटांच्या बदलाचं ऑडिट चालू असेल तर लोकल गटात नाव जोडलं की सिक्युरिटी लॉगमध्ये ४७३२ आणि काढलं की ४७३३ नोंद होते. या दोन आकड्यांचा एक कस्टम व्ह्यू अ‍ॅडमिनने स्वतःकडे करून ठेवावा.